वस्तीत व्यसनमुक्तीचं काम कसं सुरू करायचं: इंदूरच्या आमच्या कॉलनीत काय जमलं, काय फसलं

आमचा पहिला कार्यक्रम एकदम फर्स्टक्लास झाला होता. २६ जून, अमली पदार्थविरोधी दिवस. गणपती मंडळाचा हॉल, प्रोजेक्टरवर काळ्या पडलेल्या फुप्फुसांचे फोटो, पाहुण्यांचं पाऊण तास भाषण, मग सगळ्यांनी हात पुढे करून शपथ आणि शेवटी पोहे-जिलबी (त्याशिवाय इंदूरात कार्यक्रम झाला असं कोणी धरतच नाही). फोटो ग्रुपवर पडले, अंगठ्यांचा पाऊस. आणि त्याच रात्री साडेनऊला मी दूध आणायला निघालो तर शपथेच्या पहिल्या ओळीतली तीन पोरं कोपऱ्यावरच्या गुमटीमागे (म्हणजे पान-सिगरेटची टपरी) एकच सिगरेट फिरवत उभी, मला बघून एकजण म्हणतो, "काका, शपथ उद्यापासून."

तेव्हापासून बरंच काही चुकत चुकत शिकलो. मी डॉक्टर नाही, बँकेतून रिटायर झालेला माणूस आहे, पण आता दुसऱ्या कॉलन्यांतून फोन येतात की आम्हालाही सुरू करायचंय, काय करू, म्हणून सगळं एकदाच लिहून टाकतो. आधीच सांगतो, रॅली, शपथ, मॅरेथॉन यांना माझा विरोध नाही, पण त्या वर्षातून एकदा होतात आणि व्यसन रोज असतं, त्यामुळे तुमच्याकडे दर आठवड्याला ठरलेल्या वेळी उघडणारं एक दार असलं पाहिजे, बाकी सगळं त्याच्या आजूबाजूला उभं राहतं.

पहिले दोन महिने: नुसतं ऐका

बॅनर छापू नका. आधी तुमच्या वस्तीत नेमकं काय चालतं ते कळू द्या, कारण प्रत्येक ठिकाणचं वेगळं असतं. आम्हाला वाटत होतं प्रॉब्लेम दारूचा आहे. दारूचा होताच, पण बायकांशी बोलल्यावर कळलं की चौदा-पंधराची पोरं पंक्चर जोडायचं सोल्यूशन रुमालावर घेऊन हुंगतात, मेडिकलवरून झोपेच्या गोळ्या चिठ्ठीशिवाय मिळतात, कॉलेजच्या पोरांत गांजा आहे, आणि दोन घरांत ब्राउन शुगरपर्यंत (हलक्या दर्जाची हेरॉइन) गेलेलं प्रकरण आहे. मंदसौर, नीमच, रतलाम हा सरकारी परवान्याने अफू पिकवणारा पट्टा आपल्यापासून फार लांब नाही, होळकरांच्या काळात तर इंदूर माळव्यातल्या अफूच्या व्यापाराचं मोठं केंद्र होतं, तेव्हा "आपल्या चांगल्या घरांत असलं काही नसतं" हे वाक्य पहिल्याच दिवशी सोडून द्या.

ऐकायचं कुठे? आम्ही मीटिंग लावली तेव्हा चार पुरुष आले आणि चौघांनीही दुसऱ्याच्याच घरचं सांगितलं. खरं कळलं ते संक्रांतीच्या हळदीकुंकवाला. माझ्या मिसेसने आणि शेजारच्या वहिनींनी वाण म्हणून छोट्या डायऱ्या दिल्या, पहिल्या पानावर दोन हेल्पलाइन नंबर, आणि कोणाला काही विचारलं नाही. दुसऱ्या दिवसापासून एकेक जण भाजी घ्यायच्या निमित्ताने थांबायला लागली. एका बाईंनी सांगितलं की त्या रोज रात्री स्कूटरचा आवाज ऐकून ओळखतात आज किती झालीय, स्टँड लावायला किती वेळ लागतो त्यावरून. असलं बोलणं कुठल्याही सर्व्हे फॉर्ममध्ये येत नाही.

वहीत नोंद ठेवा पण नाव लिहू नका. "गल्ली ३, वय साधारण ४०, दारू, घरात दोन मुलं" एवढं पुरे. ती वही एकाच माणसाकडे राहील आणि तिचा फोटो काढायचा नाही, हे सगळ्यांसमोर ठरवून घ्या. एकदा जरी कोणाचं नाव फुटलं तरी नंतर दारावर कोणी उभं करणार नाही.

आणि शब्द बदला. बेवडा, दारुडा, चरसी, गंजेडी हे शब्द आमच्या हॉलमध्ये बंद आहेत. हे काही नाजूकपणाचं नाटक नाही, ज्याला आपण बेवडा म्हणतो तो आपल्याकडे मदत मागायला येत नाही, इतकं साधं आहे.

टीम

पाच-सहा जण पुरतात. त्यात दोन तरी बायका, एक जण स्वतः व्यसनातून बाहेर येऊन किमान वर्ष-दोन वर्षं झालेला, एक ओळखीचा डॉक्टर जो रात्री फोन उचलेल, आणि पोरांमध्ये चालणारा एखादा तरुण. नगरसेवकांना उद्घाटनाला जरूर बोलवा, टीममध्ये नको. पोलिसांशी संबंध चांगले ठेवा, पण शनिवारच्या बैठकीत वर्दी दिसली की खुर्च्या रिकाम्या होतात. केंद्राचं नशामुक्त भारत अभियान १५ ऑगस्ट २०२० ला २७२ जिल्ह्यांत सुरू झालं आणि नंतर सगळीकडे नेलं, त्यातून जिल्ह्याच्या सामाजिक न्याय विभागाकडे ट्रेनिंग आणि छापील साहित्य मिळू शकतं, एकदा जाऊन भेटा, अर्ज दोन प्रतीत न्या.

मुलांसाठी काय करायचं (आणि काय नाही)

इथे सगळ्यात जास्त चुका होतात म्हणून जरा सविस्तर. भीती दाखवणं, सडलेल्या जबड्याचे फोटो, एकच एक मोठं भाषण, आणि व्यसनातून बाहेर आलेल्या माणसाला शाळेत उभं करून त्याची कहाणी ऐकवणं, या सगळ्याचा प्रतिबंधासाठी उपयोग होत नाही असं संयुक्त राष्ट्रांच्या अमली पदार्थविषयक कार्यालयाने २०१३ साली काढलेल्या आणि २०१८ साली जागतिक आरोग्य संघटनेबरोबर सुधारलेल्या मानकांत लिहिलंय. अमेरिकेत १९८३ पासून पोलिसांनी शाळाशाळांत जाऊन शिकवायचा भलामोठा प्रोग्राम चालला, तपासून पाहिलं तर मुलांच्या नशेवर त्याचा जवळजवळ काही फरक पडलेला नव्हता. मला हे वाचून आमचा प्रोजेक्टर आठवला.

उपयोग कशाचा होतो? थोड्या मुलांबरोबर, अनेक वेळा, त्यांना बोलायला लावून. आम्ही आठवी-नववीची वीस मुलं घेतो, दर रविवारी तासभर, असे आठ रविवार. पहिल्या रविवारी मी एकच प्रश्न विचारतो, तुमच्या वर्गात कितीजण सिगरेट ओढत असतील? चिठ्ठ्यांवर उत्तरं येतात "अर्धे". मग दुसऱ्या कोऱ्या चिठ्ठीवर स्वतःचं खरं लिहायला लावतो, नाव न टाकता, आणि तिथल्या तिथे मोजतो, तर वीसात एक किंवा दोन. सगळेच करतात, मीच मागे राहिलोय ही जी समजूत असते ती त्या एका मोजणीत निम्मी उतरते.

नंतरच्या रविवारी आम्ही गुमटी बनवतो. टेबल, वर दोन बरण्या, एक मुलगा मोठ्या भावाच्या मित्राचं काम करतो, "अरे भिया, एक कश मार ना, काय मम्मीला विचारून येणार का?" आणि दुसऱ्याने नाही म्हणायचं, पण भाषण न देता आणि मित्र न गमावता. सुरुवातीला सगळे "तंबाखू आरोग्यास हानिकारक आहे" असं पाटीसारखं बोलतात आणि बाकीचे हसतात. तिसऱ्या-चौथ्या वेळेला खरी उत्तरं निघतात, "उद्या मॅच आहे, दम लागतो", "घरी वास घेतात यार", एकाने तर नुसता फोन कानाला लावला आणि "हो आई, आलो" म्हणत निघून गेला, टाळ्या पडल्या. हे तोंडाला बसलं पाहिजे, वहीत लिहून काही होत नाही. राग आला तर काय करायचं, परीक्षेत नापास झालो तर कोणाशी बोलायचं, यावरही एकेक रविवार जातो. जे माजी व्यसनी मित्र आमच्या टीममध्ये आहेत त्यांना मी मुलांपुढे हिरो म्हणून उभं करत नाही, त्यांचं काम मोठ्यांच्या बैठकीत.

पालकांचे दोन तरी तास घ्या. तीन गोष्टी सांगा: मूल संध्याकाळी कुठे आणि कोणाबरोबर असतं ते माहीत असू द्या, रात्रीचं एक जेवण मोबाइल न बघता एकत्र होऊ द्या, आणि मुलालाच "जा रे, गुमटीवरून माझी पुडी घेऊन ये" म्हणून पाठवणं आजपासून बंद. ही तिसरी गोष्ट ऐकून निम्मे बाप खाली बघतात.

गुमटीवाल्याशी भांडू नका, आधी बोला. २००३ च्या तंबाखू कायद्याने १८ वर्षांखालच्यांना तंबाखू विकता येत नाही आणि शाळा-कॉलेजपासून १०० यार्डांच्या आतही विकता येत नाही, पण त्यातला दंड दोनशे रुपयांपर्यंतचाच, त्याला कोण भितो. खरा जोर २०१५ च्या बाल न्याय कायद्याच्या कलम ७७ मध्ये आहे, मुलाला दारू, अमली पदार्थ किंवा तंबाखू देणाऱ्याला सात वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाखापर्यंत दंड होऊ शकतो. आम्ही हे मोठ्या अक्षरात छापून चार गुमट्यांवर नेऊन दिलं आणि चहा पिऊन आलो. तिघांनी लावलं. चौथा अजून तसाच आहे, त्याच्याबद्दल अर्ज दिलाय.

मोठ्यांची दारू: "आजपासून बंद" म्हणू नका

हा भाग नीट वाचा, कारण इथे माणूस जाऊ शकतो.

आमच्या दुसऱ्या वर्षी एका काकांना आम्ही सगळ्यांनी मिळून पटवलं. बावीस वर्षांचं पिणं, शेवटी सकाळी उठल्याउठल्या लागायची. गणपती बसायच्या दिवशी त्यांनी मूर्तीसमोर नारळ फोडला, आजपासून एक थेंब नाही. आम्ही खूश. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी आरतीला ते आले तेव्हा हातातलं तबक वाजत होतं, कपाळावर घाम, मला वाटलं भक्तीने भरून आलंय. "सुखकर्ता" संपून "लवथवती" सुरू झालं आणि ते तसेच मागे कोसळले, अख्खं शरीर झटके देत होतं, तोंडातून फेस. कोणी चप्पल हुंगवा म्हणतंय, कोणी कांदा आणा म्हणतंय. नशीब की गल्लीतली एक नर्स ताई तिथेच होती, तिने त्यांना कुशीवर वळवलं, तोंडात काही घालू दिलं नाही, आणि रिक्षाने हॉस्पिटलला नेलं. वाचले. पण ती फिट आमच्या शपथेची होती.

रोज भरपूर पिणाऱ्याने दारू अचानक थांबवली की सहा-आठ तासांत हात थरथरायला लागतात, पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते, आणि साधारण दुसऱ्या ते चौथ्या दिवशी काहींना भ्रम होतो, भिंतीवर किडे दिसतात, माणसं ओळखू येत नाहीत, ताप चढतो, ही जिवावर बेतणारी अवस्था आहे. डॉक्टरांच्या देखरेखीत थोड्या दिवसांच्या औषधांनी आणि व्हिटॅमिन बी-१ ने हे बऱ्यापैकी टाळता येतं. त्यामुळे सकाळी उठून प्यावी लागते, आधी कधी सोडताना फिट आली होती, किंवा हात थरथरतात, यातलं एक जरी असेल तर आधी डॉक्टर आणि मग नारळ. झोपेच्या गोळ्या वर्षानुवर्षं घेणाऱ्यांचंही तेच, स्वतःहून एकदम बंद करायच्या नाहीत.

कोणाचं किती पुढे गेलंय हे समजायला चार साधे प्रश्न जगभर वापरतात. पिणं कमी करायला हवं असं कधी वाटलं का? लोक पिण्यावरून बोलले की चीड येते का? पिण्याबद्दल अपराधी वाटलं का? सकाळी डोळे उघडायला, हात स्थिर करायला प्यावी लागली का? दोन किंवा जास्त "हो" आले तर डॉक्टरकडे न्या. प्रश्न चहा पिता पिता विचारा, इन्स्पेक्टरसारखे नको, आणि उत्तर आल्यावर लगेच उपदेश सुरू करू नका. "मग तुम्हाला काय करावंसं वाटतं?" एवढं विचारून गप्प बसता आलं पाहिजे. मला ते गप्प बसणं शिकायला वर्ष लागलं.

न्यायचं कुठे? एमवायला (इथलं मोठं सरकारी हॉस्पिटल) किंवा बाणगंगेच्या सरकारी मानसिक रुग्णालयात, पहिल्या वेळेला आपल्यातलं कोणी बरोबर जा, कारण लाइनीत उभं राहिल्यावर अर्धे लोक परत फिरतात. फोनवर विचारायचं असेल तर नशामुक्तीची राष्ट्रीय हेल्पलाइन १४४४६, मनाच्या त्रासासाठी टेलिमानस १४४१६, तंबाखू सोडायला १८००-११-२३५६, सगळे फुकट. २०१९ च्या एम्सच्या देशव्यापी सर्व्हेत दिसलं होतं की दारूच्या पूर्ण आहारी गेलेल्या ३८ जणांमागे एकालाच कुठलातरी उपचार मिळाला होता. तुमच्या पाच-सहा जणांच्या टीमचं मुख्य काम हेच समजा, बाकीच्या ३७ पैकी कोणालातरी त्या ओपीडीच्या खिडकीपर्यंत सोबत करणं.

पोलिसांची भीती वाटून ड्रग्जवाली मुलं येत नाहीत. त्यांना सांगा की एनडीपीएस कायद्यात, म्हणजे अमली पदार्थांच्या कायद्यात, कलम ६४ए आहे, स्वतःच्या वापराच्या किंवा छोट्या प्रमाणाच्या गुन्ह्यात जो स्वतःहून सरकारमान्य ठिकाणी उपचार घेतो त्याला खटल्यापासून संरक्षण मिळतं, अट एवढीच की उपचार पूर्ण करायचा. नेमकी केस असेल तर वकिलाला विचारा.

भिंतींवर "बिना बताए शराब छुड़वाएं" लिहिलेलं असतं ना, त्या पुड्यांपासून लांब राहा. दारू पिताना त्रास व्हावा म्हणून डॉक्टर जी गोळी देतात ती माणसाला सांगून, तपासून, त्याच्या संमतीने द्यायची असते. भाजीत गुपचूप मिसळली आणि त्याने वर दोन पेग मारले तर बीपी कोसळून जीव जाऊ शकतो. आमच्याकडे एका वहिनींनी कळवळून तेच केलं होतं, वेळेत कळलं.

केंद्र निवडताना

भरती करायची वेळ आली तर आधी स्वतः जाऊन बघा. रजिस्ट्रेशनचा कागद मागा. डॉक्टर कोण, कधी येतात, रात्री फिट आली तर कुठे नेतात, विचारा. स्वयंपाकघर आणि संडास बघा, त्यावरून निम्मं कळतं. घरच्यांना पहिले दोन महिने भेटू देत नाही म्हणाले, किंवा "आम्ही घरून उचलून नेतो" म्हणाले, की तिथून निघा. एका ठिकाणी आम्हाला खिडकीला कुलूप आणि कोपऱ्यात दांडकं दिसलं, तो माणूस शिस्त शिस्त म्हणत होता. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यात दारू आणि ड्रग्जमुळे होणारे मानसिक त्रासही येतात, आणि माणसाला साखळीने बांधायला त्यात सरळ बंदी आहे. चांगलं काम कसं चालतं ते बघायचं असेल तर पुण्याला मुक्तांगणला एक चक्कर मारा, १९८६ साली डॉक्टर अनिता आणि अनिल अवचटांनी पुलंच्या देणगीतून सुरू केलेलं, आम्ही चौघं एसटीने जाऊन आलो होतो.

परत आल्यावर: शनिवार

केंद्रातून माणूस महिन्या-दोन महिन्यांनी घरी येतो तेव्हा काम संपत नाही, तिथून सुरू होतं. तीच गल्ली, तेच मित्र, तेच देणं. आमचा हॉल दर शनिवारी संध्याकाळी सात ते साडेआठ उघडा असतो, पाऊस असो, दिवाळी असो. कोणी नाही आलं तरी आम्ही दोघं बसून असतो, पहिले तीन महिने असेच गेले. अल्कोहोलिक्स अॅनॉनिमसच्या मीटिंग्जही फुकट असतात, दारू सोडायची इच्छा एवढीच अट, तिथेही पाठवतो. दोन्ही चालतं.

सणांचा प्लॅन आधी करा. रंगपंचमीच्या गेरीला (रंग उडवत निघणारी मिरवणूक) राजवाड्यावर अख्खं शहर लोटतं, त्यात भांग, जिला आपल्याकडे बरेच लोक नशा मानतच नाहीत, आणि अनंत चतुर्दशीच्या रात्री झाकी (मिरवणुकीतले देखावे) बघता बघता "आजच्या दिवस" सुरू होतं. आमची पोरं गेरीला जातात, पण सहा जण एकत्र, खिशात कमी पैसे, आणि एकाला वाटलं निघावं तर सहाही निघतात, वाद नाही. १ एप्रिल २०२३ पासून एमपीत अहाते (दारूच्या दुकानाला लागून बसून प्यायच्या जागा) बंद झाले तेव्हा आम्हाला वाटलं चला सुटलो, पण मग लोक मैदानाच्या भिंतीमागे बसायला लागले, म्हणून तिथे आम्ही लाइट लावून घेतला आणि संध्याकाळी व्हॉलीबॉल सुरू केला. लाइटचं बिल अजून वादात आहे.

परत पिणं होतंच, बहुतेकांचं होतं. त्याला "सगळं वाया गेलं" म्हणू नका, काय झालं होतं त्या दिवशी ते विचारा, कुठला मित्र, कुठला पगार, कुठलं भांडण. पण ब्राउन शुगरवाल्यांच्या बाबतीत एक गोष्ट घरच्यांना पाठ करून द्या: काही आठवडे बंद राहिल्यावर शरीराची सवय उतरलेली असते, पूर्वीइतकंच घेतलं तर श्वास थांबून मृत्यू येऊ शकतो. ओठ निळे, घोरल्यासारखा तुटक श्वास, हलवून उठत नाही असं दिसलं तर कुशीवर वळवा आणि लगेच १०८ लावा.

घरच्यांसाठी महिन्यातून एक बैठक वेगळी ठेवा, त्यात पिणारा माणूस नको. ऑफिसला "ताप आहे" म्हणून खोटा फोन करणं, त्याची उधारी फेडणं, हे कधी थांबवायचं आणि कसं, यावर तिथे तास निघतो. मारहाण होत असेल तर ते व्यसन सुटेपर्यंत सहन करायचं असं कुठेही लिहिलेलं नाही, महिला हेल्पलाइनचा १८१ नंबर तिथल्या फळ्यावर कायम असतो, मुलांसाठी १०९८.

हिशोब

आम्ही किती लोकांनी शपथ घेतली ते मोजत नाही. मोजतो ते असं: या महिन्यात नवे किती आले, ओपीडीपर्यंत किती पोचले, तीन महिन्यांनी अजून संपर्कात किती, परत प्यायल्यावर परत आले किती. हा शेवटचा आकडा मला सगळ्यात आवडतो. खर्च फार नाही, चहा, झेरॉक्स, रिक्षाभाडं. मंडळाच्या वर्गणीतून भागतं, फक्त खजिनदार न पिणारा शोधा.

आणि एक बारकी गोष्ट, चहा कपबशीत देऊ नका. नव्या माणसाचे हात थरथरत असतात, बशी वाजली की सगळे बघतात आणि तो पुढच्या शनिवारी येत नाही. स्टीलचे उंच ग्लास आणा, अर्धेच भरा, आणि सगळ्यांना तसेच द्या.